म्हशीचं वळण

गाडी इथंच चिंचेखाली राहू द्या. पुढचा बांध पायीच बघण्यासारखा आहे. देवळापासून इथपर्यंत बघा कसा सुतात आलाय. आणि चिंचेपाशी आला की याला अचानक काय होतं कुणास ठाऊक, पोट सुटल्यासारखा बाहेर जातो, तळ्याला पलीकडून वळसा घालतो आणि मग पुन्हा शहाण्यासारखा सरळ चालू लागतो. मोजणीवाले येतात तेसुद्धा इथं डोकं खाजवतात. आम्ही याला म्हशीचं वळण म्हणतो. हसताय काय पाव्हणं, आधी ऐका तरी.

फार जुनी गोष्ट. परचक्राचा काळ होता म्हणे. घोडी आली, उभी पिकं तुडवली, गाव पेटवून गेली. माणसं डोंगरात पळाली म्हणून वाचली, पण कुळकर्ण्याच्या घराबरोबर गावचं दप्तर जळालं. कुठल्या घराची जमीन कुठून कुठवर, कुणाच्या दावणीला किती जनावरं, सगळं त्यात लिहिलेलं. रानात बांध मोडलेले, खुणेचे दगड उखडलेले. माणसं परत आली तर आपलं शेत कुठं संपतं तेच कळेना.

मग गाव बसलं आणि ठरलं की दप्तर नव्यानं लिहायचं. ज्यानं त्यानं आपल्या शेतातली माती डोक्यावर घ्यायची, दावणीची जनावरं बरोबर घ्यायची आणि आपली हद्द चालून दाखवायची. तो चालेल तसं कुळकर्णी लिहिणार. डोक्यावर माती असताना पाऊल खोटं पडलं, तर त्याचं फळ पोटच्या लेकराला भोगावं लागतं अशी समजूत. त्यामुळे एरवी दुसऱ्याचा बांध कोरणारे बहाद्दरसुद्धा जपून जपून पाऊल टाकत होते.

हौसाबाईच्या घरी चालणारा कुणी उरला नव्हता. तिचा नवरा बहिर्जी त्या पळापळीतच तापानं गेला. मागं राहिली ती, तिची लहानगी ठकू, आणि भुंडी. भुंडी म्हणजे म्हैस. एक शिंग मोडकं म्हणून भुंडी. बहिर्जी बायकोशी जेवढं बोलायचा त्याच्या दुप्पट या म्हशीशी बोलायचा, असं सांगतात. रोज तिला बांधाबांधानं चारत तळ्यावर न्यायचा. तिनं शेजाऱ्याच्या रानात तोंड घातलं की पाठीवर काठी टेकवायचा आणि म्हणायचा, "लोकाचं खायचं न्हाई, भुंडे."

हौसाबाईचा चुलतदीर सटवाजी, त्याचं शेत तळ्याच्या पलीकडं. बहिर्जी गेल्यावर हा भर चावडीवर म्हणाला, हद्द चिंचेपासून सरळ जाते, तळं माझ्याकडं येतं. त्याला पक्कं ठाऊक होतं की ही बाई हद्द चालू शकणार नाही. कारण तेव्हाची रीतच तशी. बाईनं शेतात राबावं, खुरपावं, काढावं, पण हद्द हा पुरुषांचा कारभार. बापानं मुलाला दाखवायची, मुलानं त्याच्या मुलाला. हौसाबाईला चिंचेपर्यंतचं ठाऊक होतं. पुढचं तिला कधी कुणी दाखवलंच नव्हतं. आणि तळं गेलं तर शेताला पाणी नाही, म्हशीला पाणी नाही, मग लेकीला घेऊन माहेरच्या दारात उभं राहायचं, एवढंच उरत होतं.

तिची पाळी आली. डोक्यावर मातीची पाटी, हातात भुंडीचं दावं, मागं पाटील, कुळकर्णी आणि सगळं गाव. चिंचेपर्यंत बाई नीट आली. तिथं मात्र तिचे पाय रुतले. सरळ जावं तर तळं जातं. वळावं तर कुठून वळावं? अंदाजानं पाऊल टाकलं आणि चुकलं तर ठकूवर येतं.

"काय वैनी, वाट हरवली का?" सटवाजी मागून म्हणाला. दोघंचौघं हसलेही.

हौसाबाईला रडू फुटणार होतं. तेवढ्यात दाव्याला हिसका बसला. भुंडीला रोजच्या वाटेवर कुणी असं थांबवलं नव्हतं. हौसाबाईनं तिच्याकडं बघितलं आणि हातातलं दावं सोडून दिलं. म्हणाली, "चल बाई. धन्यानं मला न्हाई दावलं, तुला दावलंय. तू म्होरं हो."

भुंडी डुलत डुलत वळली. तळ्याच्या पलीकडच्या काठानं चालली, आणि तिच्या मागं माती घेऊन हौसाबाई.

सटवाजी उसळलाच. "आता काय म्हशीच्या सांगण्यावरून दप्तर लिवणार? जनावराला कसली आलीय हद्द! हिरवं दिसंल तिकडं जाईल ती. थांबा, दावतोच." त्यानं आपल्या रानातलं कोवळं कडवळ उपटलं आणि पेंडी पुढं धरून तिथंच उभा राहिला.

भुंडीनं मान लांब केली. नाकपुड्या फुलल्या, तोंडाला लाळ सुटली. पण पाऊल काही पुढं पडेना. सटवाजी पेंडी हलवतोय, चुचकारतोय, आणि ही बया आपली मान ताणून जागच्या जागी. शेवटी तो चिडून पुढं सरकला, "घे की गं, खा की!" त्याचा पाय जरा अलीकडं पडला मात्र, भुंडीनं त्याच्या हातातली अख्खी पेंडी ओढून घेतली आणि कराकरा खाऊ लागली.

पाटील पुढं आले. सटवाजीचा पाय मघाशी होता कुठं आणि आता आहे कुठं, ते त्यांनी बघितलं आणि मधली जागा खणायला सांगितली. टीचभर खाली कोळसा लागला. कोळसा कुजत नाही, म्हणून जुनी माणसं हद्दीखाली तोच पुरायची. पण खणायचं कुठं, ते ठाऊक असावं लागतं.

"सटवाजी," पाटील म्हणाले, "म्हशीला कळतं ते तुला कळंना व्हय रं?"

मग असा हशा उठला की कुळकर्ण्याच्या हातातून लेखणी पडली म्हणे. हौसाबाई मात्र मटकन खाली बसली, पाटी बाजूला ठेवली आणि ठकूला पोटाशी धरून पोटभर रडली. छातीवरचा धोंडा उतरला होता बिचारीच्या. भुंडी तोवर तळ्यात जाऊन बसलीसुद्धा.

पाटलांनी विचारलं, सटवाजीला दंड काय करायचा? हौसाबाई म्हणाली, "दंड नगं. भाऊजींची गुरं बी तळ्यावर पाणी पिऊ द्या. पर आजपासनं गावात जी सून येईल, तिला हद्द दावल्याबिगर घरात घ्यायची न्हाई. मी चिंचंपाशी उभी ऱ्हायले, तसं दुसरं कुणी ऱ्हायला नगं."

आजही आमच्याकडं नवी सून आली की माप ओलांडण्याआधी तिला घरची हद्द चालवतात. पुढं म्हैस, मग सून, मागं सासू. हौसाबाईच्या घरची, म्हणजे ठकूच्या वंशातली सून असेल, तर वळणावर हिरवी पेंडी घेऊन सटवाजीच्या घरचं माणूस उभं असतं. आताच्या म्हशी लबाड, हद्दबिद्द बघत नाहीत, लांबूनच हिसकतात. चालायचंच. माझी सूनबाई शहरातली, म्हशीला घाबरून माझ्याच मागं लपत होती, पण शेवटी चालली सगळी हद्द.

गेल्या साली माझा मुलगा गेला. महिन्याभरात बांधावरून भांडण उकरायला एक जण आला. सूनबाई डोळे पुसून उठली, त्याला घेऊन हद्दीवर गेली आणि पायानं रेघ ओढून म्हणाली, "इथपर्यंत आमचं. खणून बघा."

तो न खणताच गेला.