चिकोडीच्या लग्नातला फेटा

एकदा एक शिष्या आपल्या गुरूंना एक जाडजूड इंग्रजी कादंबरी परत करायला निघाली. दृष्टांतातले गुरू बहुधा वटवृक्षाखाली बसतात. आमचे गुरू मिरजेत, जिन्याखालच्या खोलीत, लोखंडी पलंगावर बसत. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले होते आणि दर शनिवारी वाचनालयात एक वाचकमंडळ चालवत. त्यांना सारे बापूसर म्हणत. शिष्येचे नाव हेमांगी. मराठी शाळेत गणित शिकवणारी, दोन मुलांची आई.

कादंबरीचे नाव मी सांगत नाही. आपल्या कपाटात तिसाव्या पानावर खूण घालून ठेवलेली जी असेल, तीच ती समजा. नाहीतरी अशा कादंबऱ्यांत एक मोठे घर असते, एक मृत्युपत्र असते, आणि चहाला आलेली माणसे अर्धे पुस्तक संपले तरी जात नाहीत.

हेमांगीने पुस्तक पलंगावर ठेवले. “सर, मला नाही जमत हे. शनिवारी सगळे बोलणार आणि मी मान हलवत बसणार. त्यापेक्षा मी मंडळातच येत नाही.”

बापूसरांनी पुस्तक उघडले. पहिल्या तीस पानांवर प्रत्येक ओळीच्या डोक्यावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेले होते. पुढची सारी पाने कोरी करकरीत.

“यातलं काहीच आवडलं नाही?”

“तसं नाही,” ती म्हणाली, आणि तिचा चेहरा जरा उजळला. “त्यात एक आत्या आहे. दुसऱ्याच्या घरी जाते आणि पडद्याच्या कापडावरून हात फिरवून म्हणते, छान आहे, टिकलं तर. अगदी आमच्या थोरल्या जाऊबाई. मी एकटीच हसले. पण सर, त्याच पानावरचे कितीतरी शब्द मला कळले नव्हते. मागची पायरी सुटल्याशिवाय पुढची मांडायची नाही, हे मी मुलांना रोज सांगते. मग मीच कशी पुढे जाऊ?”

मग ती मनातले खरे बोलली. “कॉलेजात माझ्या इंग्रजीला वर्ग हसायचा. तेव्हा ठरवलं होतं, यातली एक तरी कादंबरी आपण पुरती वाचायची. आता वाटतं, ते आपल्यासाठी नसतंच.”

गुरूंनी यावर उपदेश करायला हवा होता. ते म्हणाले, “रविवारी मोकळी आहेस? चिकोडीला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलीचं लग्न आहे. एकट्याला प्रवास झेपत नाही. चल माझ्याबरोबर.”

“माझी तिथं कुणाशीच ओळख नाही, सर. आणि ती मंडळी कानडी बोलणार.”

“म्हणूनच चल. अट एकच. हे कोण, ते कोण, असं कुणाला विचारायचं नाही. मलाही नाही.”

हेमांगीला वाटले, वयोमानाने सरांचे काही खरे नाही. पण गुरूंचा शब्द मोडणे तिच्या स्वभावात नव्हते. निघताना सरांनी पुस्तकही परत तिच्याच पिशवीत घातले. रविवारी सकाळी दोघे एस.टी.ने चिकोडीला पोहोचले.

पहिला तासभर ती अवघडून गेली. मांडवात शंभर तोंडे आणि सगळी कानडीत. कुणी तिच्या हातावर अत्तर लावले, कुणी हसून काहीतरी विचारले, तिने उगाच मान डोलावली. एकदा न राहवून ती सरांकडे वळली, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवले आणि पुन्हा पानसुपारीत लक्ष घातले. शेवटी तिने नाद सोडला, खुर्चीत मागे टेकून बसली आणि नुसती बघू लागली.

मग हळूहळू तिला माणसे दिसू लागली. एक सडसडीत बाई प्रत्येकीच्या साडीचा पदर चिमटीत धरून पाहत होती. एक गृहस्थ गॉगल लावून फिरत होते. त्यांना गुलाबी फेटा बांधून झाला आणि फोटो निघाला. त्यानंतर एका वयस्कर गृहस्थांना फेटा बांधला. अक्षता पडल्या तसा त्यांनी तो फेटा डोक्यावरून काढला, खुर्चीवर ठेवला, आणि बाहेर पाण्याच्या टाकीजवळ जाऊन बसले.

पंगत बसली. पानांत मांडे आले, त्यावर तूप आले. टाकीजवळचे गृहस्थ उठले नाहीत. यजमान जाऊन हात जोडून आले, साडी बघणारी बाई काहीतरी फणकारून आली. हेमांगीचा घास हातातच राहिला. आता हे जेवतात की नाही, याखेरीज तिला दुसरे काही सुचेना.

शेवटी शालूतली नवरी स्वतः उठली. एका हातात तो फेटा, दुसऱ्या हातात ताट. ती त्यांच्याजवळ खालीच बसली. त्यांच्या डोक्यावर तिने फेटा जमेल तसा तिरपाच ठेवला, आणि मांड्याचा तुकडा पुढे करून म्हणाली, “ऊटा माडी.” म्हाताऱ्याने तोंड फिरवले. तिने हात मागे घेतला नाही. मग त्यांनी घास घेतला, आणि चावता चावताच त्यांना रडू फुटले. पानावर बसलेल्या हेमांगीच्या डोळ्यांनाही धार लागली.

परतीच्या एस.टी.त खिडकीजवळची जागा मिळाल्यावर बापूसर म्हणाले, “हं, सांग आता. काय पाहिलंस?”

तिने सगळे सांगितले. कुणाचा मान आधी व्हायला हवा होता, कुणाचा झाला, कोण आगीत तेल ओतत होते, नवरी त्या म्हाताऱ्या मामांची किती लाडकी होती. सांगताना ती थांबेचना.

“एवढंच की ते मामा नव्हेत,” सर म्हणाले. “नवरीच्या आजोबांचे थोरले जावई. गॉगलवाला धाकटा जावई. बाकी सगळं बरोबर. त्यांची नावं?”

“एकही कळलं नाही.”

“आणि कानडी?”

“तेवढं ऊटा माडी, म्हणजे जेवा, कळलं. तेही ताट दिसलं म्हणून.”

“मग रडलीस कशाला?”

हेमांगीने गणिताच्याच शिस्तीने आडवा प्रश्न टाकला. “पण सर, इथं माणसं डोळ्यांसमोर होती. पुस्तकात नुसते शब्दच असतात.”

“पडद्यावरून हात फिरवणारी ती आत्या दिसली नव्हती तुला?”

तिने मान डोलावली. सर म्हणाले, “शब्दकोश वाईट नाही, बाई. लग्न उरकून घरी आल्यावर खुशाल विचारावं, त्यांचं गाव कोणतं, नाव काय. पण तू मांडवाच्या दारातच प्रत्येकाची सोयरीक तपासत उभी राहिलीस. आत पंगत उठायची वेळ आली. पायरीचा नियम गणितात खरा. माणसांत आधी जाऊन बसायचं असतं. काही ओळखी चुकतात, काही राहून जातात, त्यानं जेवण कडू होत नाही. आणि सगळं गोडच लागतं असंही नाही. धुक्याची वर्णनं आली की मी अजूनही पानं उलटतो. इतकी वर्षं शिकवूनसुद्धा.”

हेमांगी हसली, आणि मिरज येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

शनिवारी ती वाचनालयात आली. तिची पाळी आली तेव्हा तिने त्या आत्याची गोष्ट सांगितली. गोष्ट पडद्याशी पोहोचली तेव्हा सारे मंडळ हसले. एका गृहस्थांनी चष्मा सावरून त्याच पानावरच्या एका अवघड शब्दाचा अर्थ विचारला.

“माहीत नाही,” हेमांगी शांतपणे म्हणाली. “पण घरच्या बाईनं त्यानंतर तिला दुसरा चहा का विचारला नाही, ते मला माहीत आहे.”

गृहस्थांनी आपले पुस्तक उघडले आणि ते पान पुन्हा वाचायला घेतले.

आपल्या कपाटातल्या त्या खुणेविषयी मी आणखी काय सांगावे? आधी पानावर बसावे, वाढणारेच मग ओळखी करून देतात.

मंडळ उठले तेव्हा बापूसरांनी हात पुढे केला. “पुस्तक परत देणार होतीस ना?”

हेमांगीने ते पिशवीत खाली नीट ठेवले. “इतक्यात नाही, सर,” ती म्हणाली. “अजून वरात निघायचीय.”