ओरडणारा इन्व्हर्टर

एकदा एका खाडीच्या धक्क्यावर दवाखान्याची एक लाँच सकाळपासून अडून राहिली होती. तिच्यात लसींचा छोटा फ्रीज होता आणि तो बॅटरीवरच्या इन्व्हर्टरवर चाले. आज फ्रीज सुरू केला की इन्व्हर्टर टीं टीं ओरडे आणि बंद पडे. पलीकडच्या तीन वाड्यांतली लेकरं उद्या लस घ्यायला जमणार होती आणि लाँच सुटायची ती दुपारच्या भरतीलाच. नर्सबाईंचा जीव टांगणीला लागला होता.

दुरुस्तीला आला होता विश्राम. दाजी मिस्त्रींच्या हाताखाली चार वर्षं शिकलेला, हुशार, पण भारी उतावळा. त्याने मीटर काढून बॅटरीच्या टोकांना लावला. बॅटरी काठोकाठ भरलेली. मग दोष कोणाचा? जो ओरडतो त्याचा, दुसऱ्या कोणाचा असणार! इन्व्हर्टर गेला, नवा यायला आठ दिवस लागतील, असं त्याने सांगूनही टाकलं. नर्सबाईंनी हातातली लेकरांच्या नावांची यादी घडी करून पिशवीत ठेवली. ते पाहून विश्रामने दाजींना बोलावणं धाडलं.

दाजी काठी टेकत आले. घरी बायको ओरडते, इथे हे यंत्र ओरडतं, आपल्या नशिबी हेच लिहिलंय, असं विश्राम वैतागून म्हणाला. दाजींनी ते नुसतं ऐकून घेतलं. इन्व्हर्टरकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, मीटरलाही हात लावला नाही. ते बॅटरीपाशी मांडी घालून बसले आणि फ्रीज लावायला सांगितला. इन्व्हर्टर ओरडला, बंद पडला. पुन्हा लाव म्हणाले. असं चारपाच वेळा झालं. तेवढ्या वेळात डोळे मिटून, वैद्याने नाडी पाहावी तसे ते तारांचा एकेक जोड बोटांनी चाचपत गेले. म्हाताऱ्याचं आता वय झालं, असं विश्रामच्या मनात आलं. इतक्यात एका जोडावरून दाजींची बोटं चटकन मागे आली.

"हा तापलाय. बटण बंद कर आणि हा जोड सोडव."

विश्रामने पाना लावून जोड सोडवला. आत पांढरट हिरवा थर साचला होता आणि त्यात हळदीचा पिवळा डाग. विश्रामचा चेहरा उतरला. नारळी पौर्णिमेला लाँचची पूजा त्यानेच केली होती. इंजिनाबरोबर बॅटरीलाही हळदकुंकू वाहून नारळाचं पाणी मनोभावे शिंपडलं होतं. नेमका हाच जोड उघडा होता.

दाजी रागावले नाहीत. "समुद्राचा नारळ समुद्राला द्यावा, बाबा. बॅटरीला नुसता नमस्कार पुरतो."

खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने जोड धुतला, पुसला, घासून लख्ख केला, आवळला. फ्रीज लावताच तो शांतपणे घुमू लागला. नर्सबाईंनी यादी पिशवीतून परत काढली आणि लसींचे डबे आणायला त्या लगबगीने धक्क्यावर गेल्या.

बॅटरी भरलेली होती, मग हे असं का झालं, विश्रामने विचारलं. दाजी म्हणाले, "तू बॅटरीला विचारलंस ते ती स्वस्थ असताना. स्वस्थ असताना सगळेच भरलेले दिसतात. ओझं पडलं की कळतं, आतलं पुढे पोचतं की नाही. आणि ओरडणारा दर वेळी बिघडलेलाच असतो असं नाही रे. त्याला मिळत नाही म्हणून तो ओरडतो. मधल्या जोडाला आधी हात लावून पाहावा. कित्येकदा तो आपल्याच हाताने बिघडलेला असतो."

भरतीला लाँच सुटली. विश्राम बराच वेळ धक्क्यावर उभा होता. बायकोवर त्याचा जीव होता, यात शंका नव्हती. पण ती काही बोलू लागली की तो एकच विचारी, तुला कमी काय आहे? आणि ताट पुढे ओढून जेवायला लागे.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ती नेहमीसारखी सुरू झाली. तो चपला काढून तिच्याजवळ पायरीवर बसला आणि म्हणाला, "आज सगळं सांग. मी ऐकतोय."

ती बोलता बोलता थांबली. मग शेजारी बसली आणि हळू आवाजात सांगू लागली.

आपल्या घरात कोणी ओरडत असेल, तर आपणही आधी मधला जोड चाचपून पाहावा.