साळुंकीचे तिसरे वाक्य

एका राज्यात एका राणीची साळुंकी झाली. ती होत असताना मी तिथे नव्हते. जे होते त्यांचेही डोळे त्या क्षणी धुराने मिटले होते. धूर निवळला तेव्हा सिंहासनाशेजारी राणी वसुमतीचा शेला होता आणि शेल्यावर पिवळ्या चोचीचा पक्षी.

कारण मात्र सर्वांनी ऐकले होते. दरबारी जादूगार भैरवाक्ष याचे मंत्र इंग्रजीत असत; ती भाषा त्याने समुद्रापलीकडून आणली होती. राज्यात ती आणखी एकट्या राणीलाच येई. भर दरबारात तिने त्याचा मंत्र अडवून त्यातली चूक दुरुस्त केली.

“चुका काढायची फार हौस दिसते,” भैरवाक्ष म्हणाला. “यापुढे तेवढेच बोला, राणीसरकार. कोणी इंग्रजीत चुकले, तर दुरुस्त करा. एरवी तोंड बंद.”

राजा भीमरथाने भैरवाक्षाचे पाय धरले, तेव्हा त्याने उःशाप दिला. राजकन्या विपुला वयात आली की राणीने दरबारात स्वतःच्या मनातले एक वाक्य बोलावे. संधी तीन. तिन्ही वाया गेल्या, तर साळुंकी रानातल्या थव्यात मिसळेल आणि घर विसरेल.

विपुलेला आईने शिकवलेले चार इंग्रजी शब्द येत होते. उरलेली भाषा ती साळुंकीच्या पिंजऱ्यासमोर चुकत शिकली. बरोबर वाक्याला साळुंकी गप्प राही. चुकीच्या वाक्याला आईचा आवाज येई. शब्द ओबडधोबड बसला, तर पक्षी त्याच्या शेजारचा नेमका शब्द देई: ‘वॉक’च्या जागी ‘वाँडर’, ‘लाइक’च्या जागी ‘चेरिश’. मुलगी शिकत गेली, तसा आईचा आवाज दुर्मीळ झाला. मग ती मुद्दाम चुकू लागली. साळुंकीने तेही चालवून घेतले.

“आबासाहेब, तुम्हीही शिका ना.”

“मी रोज आपल्या भाषेत विचारतो, माझं काय चुकलं,” राजा म्हणाला. “तिला ते दुरुस्त करता येत नाही.”

ठरल्या दिवशी दरबार भरला. विपुला एक साधे वाक्य चुकीचे बोलली: आई राणी आहे. साळुंकीने ते सुधारून म्हटले.

“ही पोपटपंची,” भैरवाक्ष हसला. “वाक्य कन्येचे, चूकही कन्येचीच. राणीसरकारांचे यात काय?”

दुसऱ्या वाक्यात विपुलेने आईला ‘सॅड’ म्हटले. साळुंकीने वाक्य नीट केले आणि त्या जागी ‘लोनली’ घातले. शब्द बदललेला ऐकून राजा सावरून बसला.

“शब्द शेजारचा आहे,” भैरवाक्ष म्हणाला. “घर तुझेच, मुली.”

गवाक्षात रानातल्या साळुंक्या येऊन बसल्या होत्या. विपुलेची नजर त्यांच्यावर गेली.

“काय गं, चुका संपल्या?” भैरवाक्षाने विचारले.

विपुलेच्या ध्यानात आले की इतकी वर्षे आपण आईपुढे भरलेलेच वाक्य ठेवत आलो. तिला बसायला जागा कधी दिली नाही. तिने इंग्रजीत ‘माझी आई’ म्हटले, ‘मला’ म्हटले आणि मधले क्रियापद गाळले.

साळुंकी बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे पाहावे तशी पाहत राहिली. तिच्याजवळ ‘लव्ह’ होते, ‘चेरिश’ होते, ‘अडोअर’ होते. विपुलेने आणि भैरवाक्षाने मनात त्यांतलेच एक भरले होते.

“नीड्स,” साळुंकी म्हणाली.

“काय म्हणाली? विपुले, सांग!” राजाने विचारले.

“आईसाहेबांना माझी गरज आहे.”

“हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं,” राजा हळूच म्हणाला.

पिंजरा मेणासारखा वितळला. राणी वसुमती सिंहासनाशेजारी उभी राहिली. शेला तिने स्वतः उचलला. गवाक्षातला थवा रिकामाच परतला. भैरवाक्षाची जादूची काठी साधी काठी उरली आणि तिच्याच आधाराने तो राज्याबाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी राणी मुलीशी इंग्रजीत दोन वाक्ये बोलली. दुसऱ्यात चूक होती, लहान मूलही करणार नाही अशी. विपुलेने ती दुरुस्त केली आणि मग दोघी दुपारपर्यंत बोलत बसल्या.

ती चूक राणीने मुद्दाम केली होती काय, हे विपुलेने विचारले नाही आणि राणीने सांगितले नाही.