मिठाआधी लिंबू

"उद्या दुपारच्या पंगतीआधी मुदपाकखान्याच्या संगणकावर 'निमंत्रण' चालू झालं पाहिजे. नाहीतर तुळसे, पळी खाली ठेव आणि चालती हो," राजा उदाजीनं फर्मावलं.

रोज किती पानं मांडायची, हे ते 'निमंत्रण' नावाचं सॉफ्टवेअर सांगणार होतं. देवकुंडीच्या राजवाड्यात सगळे संगणक लिनक्सवर चालत, कारण ते फुकट आणि फार सोपं असतं असं दरबारचे पंडित नागेशशास्त्री यांनी राजाला पटवलं होतं. सोपं कुणाला, हे राजानं विचारलं नव्हतं. तुळसा आचारीण वीस वर्षं दोनशे पानांचा स्वयंपाक नुसत्या अंदाजानं करीत आली होती, पण हे काही तिच्या हातून शिजेना. 'निमंत्रण' आधी एक लायब्ररी, म्हणजे जोडीला लागणारं दुसरं सॉफ्टवेअर, मागे. ती लायब्ररी दुसरीची जुनी आवृत्ती मागे. आणि ती जुनी आवृत्ती बसवायला जावं, तर आधी 'निमंत्रण' बसवा म्हणे!

शेवटी ती शास्त्रीबुवांकडे गेली. "बुवा, एवढं बसवून द्या. माझ्या पोटाचा प्रश्न आहे."

शास्त्रीबुवांनी मान वर केली नाही. "सगळं पोथीत लिहिलंय. तुम्हाला वाचायला नको. शिवाय तुमचं लिनक्स कुठल्या घराण्याचं? दुसऱ्या घराण्याचं असेल तर हे चालायचंच नाही. काळ्या पडद्यावर चार ओळी लिहायच्या, झालं."

"कुठल्या चार?"

"त्या ज्याच्या त्यानं शोधाव्यात."

तुळसाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तडक चुलीपाशी परतली.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. वरणाचा वास सुटला होता आणि पानं रिकामी होती. देवकुंडीची रीत अशी, की पहिलं मीठ पडायचं, आणि पान पुरतं वाढल्याशिवाय राजानंही घास घ्यायचा नाही.

"मीठ कुठंय?" राजानं विचारलं.

"तयार आहे, महाराज. पण आजचं मीठ लिंबाशिवाय बसत नाही."

"मग लिंबू वाढ."

"लिंबाला आधी वरण लागतं."

"वरण वाढ."

"वरणाला भात लागतो. तोही जुन्या तांदळाचा. नवा त्याला चालत नाही."

"अगं, मग भात वाढ!"

"भाताआधी मीठ लागतं, महाराज."

शास्त्रीबुवांच्या पोटात कावळे ओरडत होते. ते कडाडले, "हा काय चावटपणा? मुकाट्यानं वाढ!"

"बुवा, सगळं पाककृतींच्या वहीत लिहिलंय," तुळसा गोड आवाजात म्हणाली. "तुम्हाला वाचायला नको. शिवाय तुमचं पान केळीचं की पळसाचं? पळसाचं असेल तर माझं वरण चालायचंच नाही."

पंगत खुसखुसली. शास्त्रीबुवा आपल्या पानाकडे बघत राहिले. काल काय झालं असेल आणि 'निमंत्रण' का बसलं नाही, ते राजाच्या ध्यानात आलं.

"तुळसे, तुझ्या मुदपाकखान्यात असं भांडण रोज होतं का?"

"रोज होतं, महाराज. मीठ, लिंबू, नवा तांदूळ, जुना तांदूळ, सगळ्यांचं होतं. पण ते आम्ही चुलीपाशी मिटवतो. जेवणाऱ्याच्या पानात वाढत नाही."

राजा इतका हसला, की पाटावरून कलंडला. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यानं तुळसाला दिलं.

"'निमंत्रण' आता शास्त्रीबुवा बसवतील," तो डोळे पुसत म्हणाला. "तेही तुळसाच्या एका टिचकीत चालू होईल असं. तोवर त्यांचं पान आहे तसंच राहू दे. आणि बाई, आमच्या पानात आता मीठ वाढ!"