हौसाबाईचा कॅलिपर

“मग चाचा, आता आणखी शिकायचं काय राहिलं?”

अभिनंदन कुंभोजेनं हे विचारलं तेव्हा त्याच्या हातात नुकताच निवलेला कॅलिपर होता. अधू पायाला आधार म्हणून लोखंडी पट्ट्यांचा जो सांगाडा बांधतात, तो.

मिरजेच्या इलाही चाचांचा हा कारखाना. लोखंड घामानं गंजतं, कातडी सोलतं, म्हणून चाचा त्यावर प्लास्टिकचा थर चढवत. अभिनंदन त्यांच्या हाताखाली सगळं शिकला होता. पट्टी पातळ प्लास्टिकात बुडवून काढायची, नाहीतर नळी चढवून आचेवर आवळायची. सगळ्यांत अवघड प्लास्टिकच्या भुकटीचं काम. खालून वारा सोडला की टाकीतली भुकटी दुधासारखी उतू येते. भट्टीत तापलेलं लोखंड तिच्यात असं फिरवायचं, की ती अंगावरच वितळून सारखी बसावी.

हळदीच्या रानात मजुरी करणाऱ्या हौसाबाईचा हा कॅलिपर त्यानं भुकटीतून काढला होता. बुडबुडा नाही, ओघळ नाही. पिकल्या जांभळासारखा तुळतुळीत.

चाचांनी तो उलटासुलटा करून पाहिला, देखणा झालाय म्हणाले. मग खाली बसले आणि त्यांनी तो अभिनंदनच्याच पायाला बांधला.

“संध्याकाळपर्यंत असू दे.”

अभिनंदनला राग आला, पण त्यानं दिवसभर तसंच काम केलं. संध्याकाळी पट्टे सोडले, तर पोटरीवर लालभडक वळ.

वळ बरोबर पट्टीच्या कडेखाली उमटला होता. थर चढवण्याआधी ती कड त्यानं कानशीनं नीट गोल केली नव्हती.

“वाटलं, प्लास्टिक झाकून घेईल...”

“घेतलं की. कुठं दिसतंय?”

तुम्हाला कसं कळलं, असं त्यानं विचारलं. चाचांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला.

दोन्ही पोटऱ्यांवर वळांचे जुने, काळपट डाग होते. एकावर एक.

चाचा कधीकधी लंगडत येत. वयामुळं असेल, असं अभिनंदन इतके दिवस धरून चालला होता.

...

त्यानं थर तापवून सोलून काढला. कड घासली, बोट फिरवलं, पुन्हा घासली. भुकटीचा नवा थर चढवला आणि कोणी न सांगता कॅलिपर स्वतःच्या पायाला बांधून दुसरा सबंध दिवस काढला. या खेपेला पोटरीवर काही उमटलं नाही.

हौसाबाई आली ती घाईतच. कॅलिपर बांधून अंगणात एक फेरी मारली. टोळी पुढच्या रानात गेली, मुकादम खोळंबलाय, असं काहीबाही सांगत ती तशीच चालत निघाली. कोपऱ्यावर ओळखीची बाई भेटली, तिच्याशी हसत, हातवारे करत दिसेनाशी झाली.

अभिनंदन दारात उभा होता.

“एक शब्द बोलली नाही, चाचा. खाली बघितलंसुद्धा नाही.”

चाचा अजून त्या रिकाम्या वाटेकडे बघत होते. डोळे भरून.

“पाय विसरली ती...” ते म्हणाले. “शिकायचं राहिलंय ते एवढंच. आता तू तुझा हात विसर.”