पसरणी घाटात आचके देणारी गाडी

"मग आणखी काय काय बदललंस?" उस्तादांनी विचारलं.

जोतिरामनं सगळं सांगितलं. प्लग नवे टाकले, कॉइल नव्या टाकल्या, पेट्रोलचा फिल्टर झाला, पंपही झाला. सांगताना त्याची छाती नकळत पुढे आली होती. ऐकणाऱ्याला वाटावं, गाडी दुरुस्तच झाली.

"आणि झटका?"

"झटका... आहे अजून."

बाबालाल उस्तादांचं गॅरेज वाईत, पसरणी घाटाच्या पायथ्याशी. जोतिराम गोळे त्यांचा पट्टशिष्य. इंजिन खोलण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं.

घाट चढून गेलं की पाचगणी. तिथं त्यानं स्वतःच्या गॅरेजसाठी गाळा घेऊन ठेवला होता. पाटीही रंगवून तयार होती. पण उस्तादांनी मोकळं केल्याशिवाय त्यांचा शिष्य वेगळा पाना उचलत नसे, अशी त्या गॅरेजची रीत होती. आणि उस्ताद काही बोलायला तयार नव्हते.

त्यात ही गाडी. पाचगणीला मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या फडतरेबाईंची. सपाटीला शहाण्यासारखी चालायची, पण घाट लागला, ॲक्सिलरेटर दाबला, की आचके द्यायला लागायची. आमचा जोतिराम करून देईल, असं बाईंनी अख्ख्या पाचगणीत सांगून ठेवलं होतं. गाडी तशीच परत गेली असती तर पाटी लागायच्या आधीच त्याची शोभा झाली असती.

तो म्हणाला, बॉनेट उघडून, कान लावून सगळं तपासलं. अंगणात उभी असली की कितीही रेस करा, इंजिन लोण्यासारखं फिरतं. गाडीत दोष नाहीच मुळी. बाईंचाच पाय जड असणार.

उस्ताद जागचे उठले. कोपऱ्यात जीपचा जुना गिअरबॉक्स पडला होता. त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "उचल."

जोतिरामनं तो उचलून छातीशी धरला. गडी अंगानं दणकट होता.

"आता सांग. काय काय बदललंस?"

"प्लग... प्लग बदलले. कॉ... कॉइल... फिल्..."

गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. एक शब्द धड बाहेर येईना.

"घसा बिघडलाय तुझा," उस्ताद शांतपणे म्हणाले. "नवा टाकू या का?"

"घसा... बराय, उस्ताद. ओझं... ओझं आहे म्हणून..."

उस्ताद दाढी खाजवत उभे राहिले.

जोतिरामनं छातीवरच्या ओझ्याकडे पाहिलं आणि अंगणातल्या गाडीकडे पाहिलं...

मग त्यानं गिअरबॉक्स खाली टाकला, तो असा की शेजारचा पानवाला डोकावून गेला. जोतिरामला स्वतःचीच लाज वाटली आणि हसूही आलं. उभ्या गाडीला तब्येत विचारत बसला होता इतके दिवस! ती बापडी बरंच आहे म्हणणार, दुसरं काय?

त्यानं चारही चाकांना दगड लावले. मग उस्तादांना म्हणाला, तुम्ही आत बसा. हँडब्रेक घट्ट ओढून ठेवा, पहिला गिअर टाका, क्लच जरासा सोडा आणि रेस द्या. शिष्यानं उस्तादांना हुकूम सोडायचा, हे त्या गॅरेजात कधी घडलं नव्हतं. उस्ताद मुकाट्यानं स्टिअरिंगवर जाऊन बसले.

जोतिराम बाजूला उभा राहून बॉनेटमध्ये बघू लागला.

इंजिनावर ताण आला आणि ते एका अंगाला कलंडलं. ज्या रबराच्या माउंटिंगवर ते बसलेलं असतं, ते आतून फाटलं होतं. इंजिन कलंडलं तशी त्याला हवा पुरवणारी रबरी नळी ताणली गेली आणि तिच्या खालच्या बाजूची भेग उघडली. फुस्स करून नको ती जादा हवा आत शिरली. इंजिननं आचका दिला.

रेस सोडली. इंजिन जागेवर आलं, भेग मिटली. हात फिरवला तरी कळू नये अशी.

"सापडलं, उस्ताद," जोतिराम म्हणाला.

नवं माउंटिंग बसलं, नवी नळी बसली. मग गाडी घाटाला लागली. उस्ताद शेजारी बसले.

पहिल्या वळणाला जोतिरामनं भीतभीतच ॲक्सिलरेटर दाबला. गाडी एका दमात वर निघाली. दुसऱ्या वळणाला त्यानं मुद्दाम जोरात दाबला. ऊस भरलेला एक ट्रक मागे पडला, मग एक टेम्पो मागे पडला. खाली धोम धरणाचं पाणी चमकत होतं आणि जोतिरामला मोठ्यानं गावंसं वाटत होतं. इतका आनंद त्याला पाना हातात धरल्यापासून झाला नव्हता.

आता तरी शाबासकी मिळेल, म्हणून त्यानं शेजारी पाहिलं.

उस्तादांना गाढ झोप लागली होती. दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत त्यांचा डोळा लागलेला आजवर कुणी पाहिला नव्हता.

पाचगणीला फडतरेबाईंनी स्वतः गाडी टेबललँडच्या चढावर नेऊन आणली. उतरल्या त्या हसतच. तिथं जमलेल्या दोघातिघांनी लगेच आपापल्या गाड्यांची दुखणी काढली. जोतिराम म्हणाला, वाईला घेऊन या, बघतो.

मग गुरुशिष्य चालत एसटी स्टँडवर आले. वाईची गाडी लागलीच होती. उस्ताद आत चढले. त्यांच्यामागोमाग जोतिरामनं पायरीवर पाऊल ठेवलं.

उस्ताद वळले. त्याच्या छातीवर हात ठेवून त्यांनी त्याला हळूच खाली लोटलं...

"तुम्ही कुठं निघालात, शेठ?"