हात धुण्याचा तास

मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात वाघचौरे सिस्टर नर्सिंगच्या मुलींना दर मंगळवारी हात धुवायला शिकवायच्या. हा तास डीन उकिडवे यांच्या डोळ्यांत भलताच सलायचा. साहेब एकेकाळचे नामी सर्जन, पण गेली बारा वर्षं खुर्चीवरून उठले असतील तर फक्त जेवायला!

एका मंगळवारी ते तरातरा वर्गात शिरले. "हात धुवायला कसली शिकवणी? ज्याला हात धुता येत नाहीत, त्याने हात वर करावा!"

चाळीस मुली माना खाली घालून बसल्या. एकही हात वर येईना.

"झालं तर! आजपासून हा तास बंद."

 चेहरा साधाभोळा ठेवून सिस्टर म्हणाल्या, "बरं सर. जाता जाता तुम्हीच एकदा धुऊन दाखवा. आम्ही डोळे बांधून, पाण्याऐवजी निळा रंग घेतो. कुठे हात फिरला नाही ते लगेच दिसतं."

साहेब खूश. डोळ्यांवर बँडेज बांधून त्यांनी असे काही हात चोळले की शिंतोडे पंख्यापर्यंत उडाले. मग ऑपरेशनच्या आधी सर्जन हात निथळत धरतात, तसे जुन्या सवयीने त्यांनी दोन्ही पंजे ऐटीत वर धरले.

पंजे निळेशार, पण दोन्ही अंगठे कोरडे ठणठणीत! मुली फिदीफिदी हसू लागल्या.

सिस्टरांनी बँडेज सोडलं आणि त्या अदबीनं म्हणाल्या, "सर, मघाशी तुम्ही विचारलंत तेव्हा कुणीच हात वर केला नव्हता. आता एकाने दोन्ही केलेत. पुढच्या मंगळवारी त्यांच्यासाठी पहिला बाक राखून ठेवू का?"